चौतीस नंबरचा दहा

बुधवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी चौतीस नंबरने ‘दहा’ म्हटलं आणि सगळं संपलं.

आता हे वाक्य विसरून जावं. असं काही घडलेलं नाही. चौतीस नंबर अजून नऊवरच आहे, बोर्ड जागेवर आहे आणि भुवनेश्वरीबाई कानाला हेडफोन लावून बसल्या आहेत. आपण तिथून सुरू करू.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एक कार्यालय आहे. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते तीनदा बदललंय. दारावरच्या पाटीवर पहिलं आहे, शिक्क्यावर दुसरं आणि पगारपत्रकावर तिसरं. या कार्यालयात जिन्याखाली एक खोली आहे आणि त्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड. करड्या रंगाचा, चाळीस बटणांचा, चाळीस दिव्यांचा. बाई त्याच्यासमोर तेहेतीस वर्षं बसल्या होत्या. तेहेतीस वर्षांत त्यांनी अख्ख्या जिल्ह्याला ‘लाइनवर थांबा’ असं सांगितलं होतं आणि जिल्हा थांबला होता. करमाळ्याचा तहसीलदार नुसता खोकला तरी त्या ओळखत. तोच समोर येऊन उभा राहिला की ‘कोण पाहिजे?’ म्हणत.

मग मोबाईल आले. साहेब साहेबांना परस्पर फोन करू लागले. टेबलावरच्या फोनचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून होऊ लागला. आस्थापना विभागात एकाने रिसीव्हरवर रुमाल वाळत घातला, तो दोन उन्हाळे वाळत होता. बोर्डावर आता दिवसाला दोन फोन यायचे. त्यातला एक गॅस एजन्सी समजून आलेला असायचा. बाई त्यालाही आधी थोडा वेळ लाइनवर थांबवत, मग नाही म्हणत.

घरी बाळीवेशीत दोन खोल्या, एक माणूस. लग्न राहून गेलं होतं. आधी भावांची करायची होती, मग भावांना बाईंचं करायचं आठवलं नाही. बाईंच्या मोबाईलवरही दिवसाला दोन फोन यायचे. एक मोबाईल कंपनीचा आणि दुसराही मोबाईल कंपनीचाच, पहिला फोन कसा वाटला ते विचारणारा.

तर, चाचणी.

बोर्ड बसवला तेव्हा एक परिपत्रक निघालं होतं. ते बाईंच्या टेबलाच्या काचेखाली अजून होतं, पिवळं पडलेलं, कडेला चहाच्या कपाचं वर्तुळ. रोज सकाळी दहा वाजता प्रत्येक एक्स्टेंशनला फोन लावावा. समोरच्याकडून एक ते दहा आकडे स्पष्ट आवाजात म्हणवून घ्यावेत. लाइनची चाचणी दिवसातून एकदाच घ्यावी. अपूर्ण राहिल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. कार्यालयीन लाइनवर खासगी संभाषणास सक्त मनाई आहे. आणि शेवटचं कलम सात: चाचणी अपूर्ण असलेली लाइन कोणत्याही कारणास्तव बंद करता येणार नाही.

पूर्वी चाळीसही जण शाळेतल्यासारखे आकडे म्हणायचे. हळूहळू एकोणचाळीस जणांनी बाईंना सांगून टाकलं, “तुम्हीच टिक करा की.” बाईंनी केलं. उरला चौतीस नंबर.

चौतीस म्हणजे होटगी रस्त्यावरचं जुन्या फायलींचं गोदाम. तिथे शिवयोगी नावाचा रेकॉर्डकीपर होता, अक्कलकोटकडचा. बाईंनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो फायली सोडून कुठे येत नसे आणि बाई बोर्ड सोडून कुठे जात नसत. अकरा वर्षांपूर्वी एकदा आकडे म्हणताना तो नऊवर आला आणि बाहेर कोणीतरी हाक मारली. “दहा उद्या म्हनतो बाई,” असं म्हणून त्याने ठेवून दिला. बाईंनी वहीत ‘अपूर्ण’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी नऊवर आल्यावर तो जरा थांबला. बाईही थांबल्या. मग तो म्हणाला, “उद्या?” बाई म्हणाल्या, “परिपत्रकात बसतं.”

तेव्हापासून अकरा वर्षं चौतीस नंबर नऊवर होता. खासगी बोलायला मनाई होती, पण चाचणीत दोन आकड्यांच्या मधे किती जागा सोडावी याबद्दल परिपत्रक गप्प होतं.

“चौतीस?”

“व्हय बाई, चौतीसच हाय.”

“चाचणी. बोला.”

“एक. आज पंखा बंद पडलाय. दोन. मांजरीनं जमिनीच्या फायलीत पिल्लं घातली. तीन. तीनच हायत.”

“आवाज स्पष्ट आहे.”

“चार. कडक भाकरी खाताना दात हलला.”

“चार पुन्हा म्हणा.”

“डावीकडचा, बाई. खालचा.”

बाईंनी आकडे म्हणायचे नसत, म्हणून त्या स्वतःचं काही सांगत नसत. ‘आवाज स्पष्ट आहे’ एवढंच. पण ते त्या चार-पाच तऱ्हांनी म्हणायच्या, आणि त्यांचे वडील अण्णा गेले त्या आठवड्यात ज्या तऱ्हेने म्हणाल्या त्यावर शिवयोगी बराच वेळ गप्प राहून मग हळूच ‘पाच’ म्हणाला होता. एवढं सांत्वन त्यांचं भावांनीही केलं नव्हतं.

रविवार वाईट जायचे. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्ट्या त्याहून वाईट. अख्खं सोलापूर पाळण्यात बसायचं आणि बाई घरी बसायच्या. त्यांच्या जिन्याला दहा पायऱ्या होत्या, सवयीने त्या नवव्या पायरीवर थांबायच्या आणि खालचे भाडेकरू विचारायचे, “काय विसरलं का, मावशी?”

झाडूवाल्या चांगुणाबाईंना या सगळ्याचा वास लागला होता. बाई पावणेदहाला आरशात बघून केस नीट करत, तेव्हा त्या दारात झाडू टेकवून उभ्या राहत.

“फोनमधनं दिसतंय व्हय त्याला?”

“कोणाला?”

“चौतीसला. आमचे हे समोर बसून जेवत्यात तरी मी इतकं केस विंचरत न्हाय.”

“चांगुणाबाई, चाचणी आहे ती.”

“माझी पन घ्या की कवा. मला पंधरापत्तुर येतंय.”

एका सोमवारी सुमित आला. नवीन कनिष्ठ अभियंता, वय सव्वीस, खिशाला स्क्रूड्रायव्हर. बोर्ड काढून त्या जागी काहीही बसवायचं नाही असा आधुनिक निर्णय झाला होता. बाईंना उरलेल्या एका वर्षासाठी आवक-जावक विभागात बसवायचं होतं. तिथे चौदा माणसं होती, म्हणजे बोलायला कोणी नव्हतं.

बाईंनी काच उचलून परिपत्रक पुढे केलं. सुमितने कलम सात दोनदा वाचलं.

“मॅडम, म्हणजे या काकांनी दहा म्हटल्याशिवाय बोर्ड काढता येणार नाही?”

“कोणत्याही कारणास्तव.”

“दहा म्हणायला वेळ किती लागतो?”

“अकरा वर्षं झाली. बघू.”

सुमितने वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं. सगळ्यांचं एकमत झालं की परिपत्रक रद्द करायला ते काढणारा विभाग पाहिजे आणि तो विभाग नाव बदलताना कुठेतरी राहून गेला. तेव्हा दहा म्हणवून घेणं हाच सोपा मार्ग. रात्रभर बाईंना बरं वाटलं. सरकारी सोपा मार्ग म्हणजे त्यांची निवृत्ती आरामात निघून जाईल इतका लांब असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पण सुमित नवीन होता. तो मंगळवारी मोटारसायकल काढून थेट होटगी रस्त्यावर गेला.

संध्याकाळी परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. स्टूल ओढून तो बाईंसमोर बसला.

“मॅडम, शिवयोगीकाका अडीच वर्षांपूर्वीच रिटायर झालेत.”

बाईंनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

“गोदामाला कुलूप आहे. रेकॉर्डकीपरच नाही तिथे आता. काका जुळे सोलापुरात मुलाकडे राहतात. रोज नऊ वाजता निघतात, दोन रिक्षा बदलतात. वॉचमन कुलूप काढून देतो. फोन झाला की परत जातात.”

बाईंना आठवलं. अडीच वर्षांपूर्वी एकदा तो म्हणाला होता, “सहा. आज लोकांनी हार घातला.” त्यांनी “सहा पुन्हा म्हणा” म्हटलं, तर तो नुसता “सहा” म्हणाला होता. त्यांना वाटलं होतं, लाइन खराब असेल.

“तुम्ही त्यांना काय सांगितलं?” बाईंनी विचारलं.

“खरं तेच. की तुमच्या दहामुळे मॅडमचं काम अडलंय.” सुमित मनापासून बोलत होता. “ते एकदम कसनुसे झाले हो. म्हणाले, माझ्यापायी बाईंना तरास व्हायला नको.”

आपल्याकडे माणूस तहानेने मेला तरी चालेल, पण आपल्यापायी दुसऱ्याचं काम अडलं असं त्याला कळता कामा नये. हे बाईंना माहीत होतं. सुमितला माहीत नव्हतं.

बुधवारी दहा वाजता बाईंनी चौतीसचं बटण दाबलं. सुमित शेजारी उभा होता. अहवालासाठी त्याने स्पीकर चालू करायला लावला.

“चौतीस?”

“व्हय बाई.” आवाज नेहमीसारखाच.

“चाचणी. बोला.”

“एक. काल साहेब आले होते. दोन. चांगलं पोरगं हाय. तीन. मी सुनेला सांगतो, बागंत फिराया जातो. चार. बागंत कोन जातंय.”

“आवाज स्पष्ट आहे.”

“पाच. पिल्लांना दूध वॉचमन घालंल, सांगितलंय त्याला. सहा. तुमचं काम अडलं म्हनं माझ्यामुळं.”

नाही, असं म्हणायचं होतं. तेहेतीस वर्षं ज्या आवाजाने त्यांनी कलेक्टरला ताटकळत ठेवलं, त्या आवाजात तो एक शब्द बसेना. अधिकारी शेजारी उभा, लाइन कार्यालयाची, संभाषण खासगी.

“सहा पुन्हा म्हणा.”

“सहा, बाई. सात. आठ.” तो थांबला. “नऊ.”

“नऊ पुन्हा म्हणा.”

“नऊ.”

“नीट येत नाही. पुन्हा.”

“नऊ, बाई.”

“पुन्हा.”

जिन्यावरून कोणीतरी खाली उतरून गेलं. पलीकडे एक मांजर ओरडलं.

“दहा,” शिवयोगी म्हणाला आणि रिसीव्हर इतका हळू ठेवला की ठेवल्याचा आवाजच आला नाही.

“झालं!” सुमित म्हणाला.

“आवाज स्पष्ट नव्हता,” बाई म्हणाल्या.

“मी ऐकला ना, मॅडम. एकदम क्लिअर.”

बोर्ड दुपारी निघाला. त्याच्या मागे भिंतीला त्याच्याच आकाराचा स्वच्छ चौकोन होता. सुमितने जाताना बाईंच्या हातात चिठ्ठी दिली. तिच्यावर शिवयोगीचा मोबाईल नंबर होता. “करा की कधी फोन,” तो म्हणाला. चांगला मुलगा होता, त्याला दोष देता येत नाही.

चिठ्ठी अकरा दिवस पर्समध्ये राहिली. बाराव्या दिवशी सकाळी दहाला आवक-जावकच्या चौदा माणसांकडे पाठ करून बाईंनी नंबर लावला.

“हॅलो?”

इतक्या वर्षांत तो त्यांना कधी ‘हॅलो’ म्हणाला नव्हता. आता पुढे काय म्हणायचं? मोबाईलची चाचणी नसते. आणि चाचणी नसताना शिवयोगीशी काय बोलतात, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

“राँग नंबर लागला,” बाई म्हणाल्या.

“बरं, बाई,” तो म्हणाला.

दोघांनीही फोन ठेवला नाही. नऊ मोजून होतील इतका वेळ गेला. मग तिकडून सुनेचा आवाज आला, “अप्पा, कोन हाय?”

“कोन न्हाय. राँग नंबर.”

बाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला, एक कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति, मा. कार्यालय प्रमुख.

विषय: एक्स्टेंशन क्रमांक चौतीसची चाचणी अपूर्ण घोषित करण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, बोर्ड काढण्यात आला त्या बुधवारी चौतीस क्रमांकावरून उच्चारण्यात आलेला ‘दहा’ हा सेवानिवृत्त व्यक्तीने उच्चारलेला असल्याने अनधिकृत आहे. सबब सदर ‘दहा’ उच्चारलाच गेला नाही असे समजण्यात यावे व कलम सातनुसार चाचणी रोज सकाळी दहा वाजता, पुन्हा एकपासून, पुढे चालू ठेवण्यास मला परवानगी मिळावी. बोर्ड, तार व एक्स्टेंशन उपलब्ध नसल्यास चाचणी त्यांच्याविना घेण्यास माझी हरकत नाही.