पट्टीशिवाय रेघ

नातीनं वर्गात सांगून टाकलं होतं, "माझे आजोबा पट्टी न लावता भिंतभर सरळ रेघ मारतात." आजी-आजोबांचा दिवस जवळ आलेला; बाईंनी लगेच खिडकीखालची भिंत रंगवून घेतली, वर पांढरी, खाली पिवळी. मधली रेघ तेवढी आजोबांसाठी ठेवली.

आजोबांचा उभा जन्म घरं रंगवण्यात गेला होता. करंगळी भिंतीला टेकवायची, श्वास रोखायचा आणि एका दमात रेघ ओढायची. पण वर्षभरात उजवा हात थरथरायला लागला. आजी चहाचा कप आता अर्धाच भरून द्यायची. नात दुसऱ्या गावी राहायची, तिला काही ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी दोघं तिच्याकडे पोचली, तेव्हापासून आजोबांचा हात खिशातच होता.

"सरळ नाही म्हणा की," आजी म्हणाली.

"पोरीनं दवंडी पिटलीय. तिचं तोंड कसं पाडू?"

"मग हात दाखवून अवलक्षण करा."

वर्गात आजी-आजोबा छोट्या बाकांवर गुडघे सांभाळत कसेबसे बसले होते. नातीनं आजोबांच्या पुढ्यात ब्रश धरला. वर्गात तिच्या शेजारी बसणारा जाड्या म्हणाला, "पट्टीशिवाय कुणालाच येत नाही."

"आजोबांना येतं!"

आजोबांनी खिशातून हात काढला. ब्रश हातात घेतला, तर त्याचं टोक वाऱ्यातल्या पानासारखं हलायला लागलं. नात एकदा हाताकडे, एकदा आजोबांकडे बघत राहिली.

"हा आता माझं ऐकत नाही," आजोबा म्हणाले.

"दुखतो का?" जाड्यानं विचारलं.

"नाही रे. नुसता नाचतो."

"मग त्याला कोपऱ्यात उभं करा!"

सगळी पोरं हसली. नात मात्र हसली नाही. तेवढ्यात आजी उठली आणि पिशवीतून दोऱ्याचं रीळ आणि निळ्या भुकटीची पुरचुंडी काढली.

आजोबांचा चेहरा उतरला. "अगं, हे शिकाऊ पोरांचं काम!"

"अख्ख्या गावाची घरं रंगवलीत तुम्ही. आपलं स्वयंपाकघर कुणी रंगवलं? मी. याच दोऱ्यानं. तिथली रेघ वाकडी आहे का?"

आजोबांनी तिथली रेघ आठवून पाहिली. वाकडी नव्हती. त्यांनी ब्रश बाकावर ठेवला आणि दोरा भुकटीत घोळवला. एक टोक त्यांनी भिंतीला दाबून धरलं, दुसरं आजीनं. "आता मधोमध चिमटीत धर, ओढ आणि सोड," ते नातीला म्हणाले.

तिनं सोडला. भिंतीवर एकाऐवजी दोन फिकट रेघा उठल्या.

"ताण धर गं!" आजोबा ओरडले.

"मी धरलाय! तुमचंच टोक नाचतंय!" आजी म्हणाली.

मग जाड्या आला आणि त्यानं दोन्ही हातांनी आजोबांचा हात भिंतीवर दाबून धरला. चुकलेल्या रेघा फडक्यानं पुसल्या. नातीनं पुन्हा दोरा ओढून सोडला. टण्! या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच निळी रेघ उमटली.

जाड्या डोकं वाकडं करून ती बघत राहिला. "पण ही आजोबांनी एकट्यांनी कुठे मारली?"

"एकट्यांनी असं मी कधी म्हटलं?" नात कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पट्टी न लावता म्हटलं होतं. दाखव, कुठाय पट्टी?"

आजीनं आजोबांकडे पाहिलं. "हरायचं नाही म्हणजे नाही. तुमचीच नात."

आजोबा दोरा रिळाला गुंडाळायला लागले. हात थरथरत होता, पण त्यांनी तो खिशात घातला नाही.