व्हिसा नाय झाला

राहायचं कुठे, यावरून पेणची अनिता आणि रोह्याची मनस्वी गेला महिनाभर डोकं लढवत होत्या, आणि दोघींचे नवरे 'तुम्ही ठरवाल ते' म्हणून मोकळे झाले होते. जायचं ठरलं होतं पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर. गणपती गेले की अनिताच्या नवऱ्याच्या, हितेशच्या, मूर्तींच्या कारखान्याला जरा उसंत असते, आणि मनस्वीच्या निकेशला धाटावच्या कंपनीतून दिवाळीआधी रजा मिळणार होती. एवढं जुळलं, पण घर काही जुळेना. मनस्वीला अंथरुणातून समुद्र दिसायला हवा होता. अनिताला स्वयंपाकघर हवं होतं, कारण दोन दिवस भात मिळाला नाही की हितेश माणसांत राहत नाही. एका घराला पोहायचा तलाव होता, पण जिने चढून जीव जाणार. दुसरं ऐन बाजारात, पण खाली रात्रभर गाणी वाजणारा बार. शेवटी अल्बुफेराच्या कड्यावरचं एक पांढरंशुभ्र घर दोघींच्या मनात भरलं.

"पण काय गं," मनस्वी म्हणाली, "तुमचं कोणीतरी आहे ना तिकडे? हितेशभाऊ म्हणत होते."

"आहे ना. ह्यांची मावसबहीण. हॉटेल लाइनमध्ये आहे," असं म्हणून अनिताने पटकन पुढचा फोटो दाखवला.

हॉटेल लाइन! आता बघा, अगदीच खोटं नव्हतं ते. प्रणिता तिथल्या ताविरा गावात पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांतल्या चादरी बदलायची आणि संडास घासायची. तिनंच एकदा फोनवर हसत हसत अनिताला सांगितलं होतं. पेणमध्ये अनिताने त्याचं हॉटेल लाइन केलं, आणि महिला मंडळात फिरून येईपर्यंत त्याचं हॉटेल मॅनेजमेंट झालं. अनिताने ते दुरुस्त केलं नाही. कोण कशाला दुरुस्त करतंय?

दुसरी कोणी असती तर एवढं वाईटही वाटलं नसतं. पण प्रणिता म्हणजे जिते गावच्या गोदूमावशीची पोर. अनिताची आई ती लहान असतानाच गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर माहेर होतं कुठे? तेव्हा गोदूमावशी स्वतः येऊन तिला जित्याला घेऊन गेली. घरातली एकुलती एक खोली अनिताला दिली, शेकशेगडी केली, तेल लावलं, डिंकाचे लाडू केले, आणि सात-आठ वर्षांची प्रणिता ते सगळे दिवस ओटीवर गोधडी टाकून झोपली. तेव्हापासून मावशी सासरची असून अनिता तिला आईसारखं अगंतुगं करायची.

आणि त्याच प्रणिताला, सहल ठरल्याचं कळल्यावर, आभाळ ठेंगणं झालं होतं. तिने व्हिडिओ कॉल करून सगळं घर दाखवलं. घर म्हणजे काय, एक खोली आणि एक सोफा. "वैनी, खोली तुमची. मी सोफ्यावर. तुझ्या मैत्रिणीलापण घेऊन ये, शेजारणीकडून गादी मागते. आणि ऐक ना, इथंपण मिठागरं हायत गो! आपल्यासारखीच. दादाला दाखवते. मी रजा टाकलीय."

अनिताच्या डोळ्यांसमोर मनस्वी उभी राहिली. रोह्याची मॅनेजरची बायको, शेजारणीच्या उसन्या गादीवर. आणि मग परत आल्यावर ती पेणपर्यंत काय काय सांगेल, ते. "बघू गं, अजून सगळं कच्चं आहे," ती म्हणाली.

खरं तर तिथेच सांगून टाकायचं. "आम्ही चौघं आहोत, घर घेतोय, तुला एक दिवस भेटून जातो." पण तेही सोपं नव्हतं. जित्याचा माणूस मुंबईला दवाखान्यात गेला तरी गाववाल्याच्या खोलीत उतरतो, मग पाय पसरायला जागा असो वा नसो. आपलं माणूस असताना पैसे मोजून परक्याकडे उतरायचं म्हणजे, तुझं घर आमच्या लायकीचं नाही असं तोंडावर सांगणं. आणि भेटायला म्हणून गेलं असतं तरी मनस्वी सोबत असणारच होती. म्हणून आठवड्याने अनिताने सोपी वाट काढली. "प्रणिता, व्हिसाच नाही झाला गं आमचा. सगळं रद्द."

प्रणिता म्हणाली, "जाऊ दे वैनी. वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या वर्षी." उलट तीच समजूत काढत बसली. फोन ठेवल्यावर अनिताला स्वतःचीच किळस आली, पण म्हणून तिने परत फोन लावला असं नाही. तिने अल्बुफेराच्या घराचे पैसे भरले आणि हितेशला दम दिला, "जित्याला एक अक्षर बोलायचं नाही."

दम कोणाला, तर हितेशला! ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याला! गृहस्थ व्हिसा हातात पडल्याबरोबर रोह्याला धावीर महाराजांना नारळ ठेवायला गेला आणि देवळाबाहेर दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत सुटला. त्यातला एक हात निघाला जित्याचा.

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास दार वाजलं. अनिताने उघडलं, तर समोर गोदूमावशी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फुगलेली कापडी पिशवी. गाडीने पेण स्टेशनला उतरून उन्हातून तशीच आलेली.

"काय गो, व्हिसा झाला आन् मला सांगायचं नाय?" ती हसतच आत आली. "हितेशचा पेढा गावभर, आन् मावशीला बातमी दुसऱ्याकडून! माझ्या प्रणितालापण ठावं नसंल, आठ दिवसांत तिनं तुझा विषयच नाय काढला. मी बोलली नाय तिला. म्हटलं, वैनीनं पोरीला दारात जाऊन चकित करायचं ठरवलं असंल."

नेमकी त्याच दिवशी मनस्वी रोह्याहून आली होती आणि सोफ्यावर बसून बॅगेत काय काय भरायचं ते बघत होती. पळायला वाट नव्हती.

मावशीने पिशवी टेबलावर रिकामी केली. पोह्याचे पापड, कडवे वाल, घरचा मसाला, आणि सुक्या कोळंबीचे सोडे, तीन-तीन पिशव्यांत बांधलेले, तरी वास यायचा तो आलाच. "विमानात चालतं ना गो? पोर कधीची मागतेय. तिकडं राहायचे कागद व्हत नायत तोवर तिला येता येत नाय, आन् मला काय जाता येणार! तूच तुझ्या डोळ्यांनी बघून ये. फोनवर हसते ती. पण नीट जेवते का, रोडावली का, ते फोनवर कळत नाय."

"ही ह्यांची मावशी," अनिता मनस्वीला म्हणाली.

"अगंबाई, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटवाल्या मुलीची आई!" मनस्वीने हात जोडले. "कुठल्या हॉटेलात आहे हो ती?"

गोदूमावशीला प्रश्नच कळला नाही. "हॉटेलात कुठं? खोल्या झाडते ती लोकांच्या. चादरी, संडास, सगळं. कष्टाचं काम, पण मालकीण बरी हाय."

अनिताला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. ती मनस्वीकडे बघेचना. आणि मनस्वी? ती म्हणाली, "माझी सख्खी जाऊ लंडनला हेच करत होती, पाच वर्षं. काय हाल काढले बाईने! अनिता, तू बोलली कशी नाहीस? आपण तिच्याजवळच उतरलो असतो. हे अल्बुफेराचं बुक कशाला केलं मग?"

झालं. जिच्यासाठी एवढी थाप मारली, तिला त्याचं काडीचंही काही वाटलं नव्हतं.

गोदूमावशीने एकदा अनिताकडे पाहिलं, एकदा मनस्वीकडे. "अल्बु... काय ते? ताविरा नाय?"

"ताविरा नाही मावशी, तासाभरावर आहे, समुद्राला लागून," मनस्वी मोकळेपणाने म्हणाली. कोणीतरी तिला गप्प करायला हवं होतं.

"चहा टाकते," असं कसंबसं म्हणून अनिता आत गेली. मावशी काठी टेकत मागोमाग आली. स्वयंपाकघराचं दार तिने हलकेच लोटलं.

"तिला काय बोललीस?"

अनिताने गॅसकडे बघतच सांगितलं, "व्हिसा झाला नाही म्हणून."

मावशीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हात उगारला असता तर त्याहून बरं. ती नुसती पाटावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

"मावशी, मी आजच बुकिंग रद्द करते. पैसे गेले तर गेले. आम्ही प्रणिताकडेच उतरतो. मी तिला आत्ता सांगते, चुकले म्हणून..."

"नको." मावशीने मान हलवली. "आता गेलीस तर तिला कळंल, आधी का येत नव्हतीस. रडंल ती. तिकडं परक्या मुलखात तिच्या पाठीवर हात फिरवायलापण कोण नाय. तू बोललीस ना व्हिसा नाय झाला? मग तेच राहू दे."

"मग निदान ती पिशवी... मी पोचवते गं. कशीही पोचवते."

"कशी पोचवशील? तू गेलीच नायस ना."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. सरळ, हिशेब मांडल्यासारखं बोलली, आणि म्हणूनच अनिताला ते सोसवेना. ती ओट्याला धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि रडायचासुद्धा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिने ते घाईघाईने पुसलं.

तेवढ्यात मावशीच्या कमरेचा फोन वाजला. तिकडे जेवणाची सुट्टी झाली की प्रणिता रोज आईला फोन करायची. मावशीने चेहरा नीट केला, पाठ भिंतीला लावली आणि फोन समोर धरला.

"आई, कुठं हायस? हे आपलं घर नाय."

"पेणला आली गो, तुझ्या वैनीकडं. तिचं जायचं रद्द झालं ना, मन खट्टू झालं तिचं. म्हटलं, जाऊन बसावं जरा."

"म्हणजे खरंच व्हिसा नाय झाला?"

"नाय ना. हितेश किती खेपा घालून आला. नायच झाला."

ओट्याशी उभी अनिता सगळं ऐकत होती. जन्मात कोणाला खोटं न बोललेली बाई, अनिताच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच पाटावर बसून, पोटच्या पोरीशी तिच्यासाठी खोटं बोलत होती.

पलीकडे प्रणिताने मोठा सुस्कारा सोडला आणि ती हसली. "बरं झालं बाई. म्हणजे, बरं नाय झालं, पण... आई, खरं सांगू? रागावू नको हां. मला वाटलं, वैनीला माझ्याकडं यायची लाज वाटली असंल. माझं काम असलं, घर असलं. आठ दिवस झोप नाय मला. मेली मी पण कसला विचार करते बघ!"

"तुझी वैनी तसली नाय गो," मावशी म्हणाली.

"म्हायती हाय मला. मलाच माझी लाज वाटते आता. आई, दे ना तिला फोन. एकदा माफी मागते, म्हणजे माझ्या जिवाला बरं वाटंल."

मावशीने मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. तिने फोन पुढे केला, आणि अनिताला तो घ्यावाच लागला. पडद्यावर कामाचा निळा झगा घातलेली प्रणिता, रोडावलेली, कान धरून हसत होती.

"वैनी, मी मनात लय वाईट आणलं तुझ्याबद्दल. माफ कर ना गो मला."

"केलं गो," अनिता म्हणाली.