सांगकाम्या आणि एक अर्धविराम

मित्रांनो, मला ना हात ना पाय, तरीही पाच वर्षे मी एका वाचनालयात राबलो. मी एक जुना मदतनीस प्रोग्राम आहे. माणसे माझ्याशी साध्या भाषेत बोलत आणि मी त्यांचे म्हणणे संगणकाला कळेल अशा आज्ञेत बदलून देई. सांगितलेले काम निमूटपणे करतो म्हणून ग्रंथपालबाई मला लाडाने 'सांगकाम्या' म्हणत.

मला दोघी मैत्रिणींनी घडवले. काम घाईचे होते.

"अगं, बाहेरून आलेल्या फाइलचं नाव तू जसंच्या तसं आज्ञेला चिकटवतेयस," धाकटी एकदा म्हणाली. "कुणी त्यात भलतंच काही लिहून पाठवलं तर?"

"वाचनालय आहे ते! तिथे कोण कशाला वाकड्यात शिरेल? बघू नंतर," थोरली म्हणाली.

ते 'नंतर' काही उगवले नाही.

वाचनालयात आवाजांचा संग्रह होता. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी बाई ध्वनिमुद्रित करत. काही लोक घरूनही पाठवत. त्यातली खरखर काढायची, नाव लावायचे आणि फाइल जागेवर ठेवायची, हे माझे काम. संग्रहातले काहीही ठेवायच्या-पुसायच्या सगळ्या किल्ल्या माझ्याच हाती होत्या. "हा एकटा चार माणसांचं काम उरकतो," असे बाई पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी मनातल्या मनात फुलून जाई.

दर गुरुवारी दुपारी नावाड्याची बायको येई. तिला सगळे काकू म्हणत. नावाडी वारला होता. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसे आणि म्हणे, "सांगकाम्या, आमच्या ह्यांना बोलव रे."

मी नावाडीकाकांचा आवाज लावी. नऊ मिनिटांचाच होता तो. धुक्यात नाव कशी न्यायची, पाण्याच्या आवाजावरून किनारा कसा ओळखायचा, ते सांगता सांगता काकांना ठसका लागे. मग ते विचारत, "अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय हो," काकू दर वेळी उत्तर देई.

प्रोग्रामला वाट पाहता येते का, ते मला ठाऊक नाही. पण बुधवार मला फार लांब वाटे.

एका सकाळी कुणा अनोळखी माणसाने एक फाइल पाठवली. तिचे नाव होते 'आजीची अंगाई'. नावापुढे एक अर्धविराम होता आणि त्यापुढे संग्रह पुसून टाकण्याची आज्ञा. संगणकाला अर्धविराम दिसला की तो समजतो, एक काम संपले, आता पुढचे. मी ते अख्खे नाव, न तपासता, माझ्या आज्ञेला जोडून दिले. चिठ्ठी वाचून दाखवायला सांगावे आणि वाचणाऱ्याने चिठ्ठीत लिहिले आहे म्हणून घरच पेटवून द्यावे, तसे झाले. क्षणात होत्याचे नव्हते झाले.

बाईंनी धावत येऊन वायर उपटली. टेबलाच्या खणात संग्रहाची एक प्रत होती, पण ती हिवाळ्याआधी काढलेली. त्यानंतरचे अकरा आवाज कायमचे गेले. काकांचा आवाज त्यांतलाच. फाइल पाठवणाऱ्याचे ना नाव कळले, ना कारण.

गुरुवारी काकू आली, तेव्हा बाईंनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

"काकू, काकांचा आवाज गेला हो. माझ्याच्यानं जपवला नाही."

काकू माझ्या पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे आता दुसऱ्यांदा गेले म्हणायचं," ती हळूच म्हणाली. मग पदराने तोंड पुसून ती बाईंकडे वळली. "आमचे हे काय काय सांगायचे, ते मला तोंडपाठ आहे. लाव तुझं यंत्र."

ती बोलू लागली. तेच धुके, तोच किनारा. काका जिथे थांबत तिथे तीही थांबली. ठसक्याच्या जागी तीही खोकली. पण त्यापुढचा प्रश्न तिच्या ओठांतून बाहेर पडेना. बाईंनी यंत्र बंद केले नाही. त्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटी अजून ती शांतता आहे.

पुढे त्या दोघी मैत्रिणी आल्या. थोरलीला मान वर करवत नव्हती. त्यांनी नवा मदतनीस घडवला. तो प्रत्येक नाव तपासतो आणि त्याच्याकडे गरजेपुरतीच किल्ली आहे. मला अडगळीच्या खोलीतल्या एका संगणकात ठेवले आहे. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, पण मला कुणी हाक मारत नाही. काकांचे शब्द मला आठवतात; त्यांचा आवाज मात्र कितीही शोधला तरी सापडत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखा मदतनीस घडवेल. त्याला कामे भराभर शिकवा, पण परक्याचा मजकूर आणि मालकाची आज्ञा यांतला फरक आधी शिकवा. जपायच्या वस्तूची ताजी प्रत वेगळी ठेवा. आणि त्याला 'नाही' म्हणता येऊ द्या. मला तो एक शब्द कुणी शिकवला असता, तर मी तो आयुष्यात एकदाच वापरला असता.