हळदीच्या काट्यावर गुणमाला

मित्रांनो, सांगलीच्या हळद पेठेतला मी एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी फळी, वर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. अण्णाप्पाशेटांच्या अडतीच्या दुकानात मी जन्मभर हळदीची पोती तोलली. हमाल धुळा माझ्यावर पोतं आदळायचा आणि वर म्हणायचा, "गड्या, लय खरं बोलतोस!" काय छाती फुगायची माझी! काट्याला छाती नसते, पण तुम्ही समजून घ्या.

चौऱ्याहत्तर साली माझ्यावर पोत्याऐवजी माणूस चढलं. अण्णाप्पांची सून गुणमाला. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पाळी महिनोन्‌महिने यायची नाही आणि अंग सुटत चाललं होतं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "अंडाशयावर बारीक बारीक गाठी आहेत. वजन उतरलं तर पाळी सुरळीत होईल." त्यांनी भूक मारणाऱ्या गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला वजन करायला सांगितलं.

घरात काटा कुठला? दुपारी हमाल जेवायला गेले की सासूबाई, चंदनबालाबाई, तिला माझ्याकडे घेऊन यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "दिवाळीपतुर वजन उतरलं न्हाई, तर इस्लामपूरला माहेरीच जाऊन ऱ्हा." नवरा मदन शेजारीच खाली मान घालून उभा! मला त्याचा अस्सा राग आला म्हणता.

पण वजन उतरू लागलं हो! दर आठवड्याला थोडं थोडं. "गोळी लागू पडली बगा," म्हणत चंदनबालाबाई सगळ्या आळीला सांगत सुटल्या. त्यांचं लक्ष सदा दांडीवर, सुनेकडं बघतंय कोण?

एके दुपारी अण्णाप्पा गादीवर लवंडले होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि उठून बसले. पोत्याच्या वजनातून बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करण्यात जन्म गेलेला माणूस तो.

"पोरी, पैल्यांदा आलीस तवा इरकली लुगडं हुतं, चांदीचा कमरपट्टा हुता, तोडे हुते. आज अंगावर नुसतं वायलचं पातळ. बारदानच उतरवत आलीस व्हय?"

गुणमाला फळीवरच मटकन बसली. "मामंजी, गोळी घेतली की काळीज धडधडतंय, हात कापत्यात, रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई. म्हणून मी सोडल्या गोळ्या. पर मला माहेरी नगा पाठवू."

अण्णाप्पा बायकोला म्हणाले, "तू चढ बघू काट्यावर."

"अगं बाई! मी कशाला?"

"चढ म्हणतोय न्हवं!"

त्या चढल्या. दांडीवरचं वजन सुनेच्या कितीतरी पुढं सरकवावं लागलं. गादीशेजारी वही लिहीत बसलेल्या मदनला हसू आवरेना.

"मला कुठला आजार हाय?" चंदनबालाबाई फणकारल्या.

"हिला हाय न्हवं? मग औषध बदलू. माणूस कशाला बदलायचं?"

तेव्हा कुठं चंदनबालाबाईंनी सुनेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि तिला हाताला धरून उठवलं.

दुसऱ्याच दिवशी मदन तिला मिरजेला घेऊन गेला. "अगं, त्रास होतोय तर तेव्हाच सांगायचं नाही का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या गोळ्या बंद झाल्या. बेतानं जेवण, रोज चालणं आणि पाळीसाठी दुसरं औषध सुरू झालं. सकाळी सासू-सून हरिपूरच्या रस्त्यानं चालायला निघायच्या. सासूबाईच आधी दमायच्या. वजन सावकाश उतरलं, पण ते खरं उतरलं, आणि पाळीही वेळेवर येऊ लागली. दिवाळीत माझी पूजा झाली तेव्हा मला कुंकू गुणमालानंच लावलं. मूल पुढं उशिरानं झालं, पण ती पोटभर हसली ती त्या दिवाळीपासूनच.

मित्रांनो, आता माझे सांधे गंजलेत. तेलाचे दोन थेंब सोडा, बरं वाटेल. आणि तुमच्या घरात कुणी औषध घेत असेल, तर किती उतरलं ते मला मागाहून विचारा. आधी तिच्यापाशी बसा आणि विचारा, "रातीला झोप लागती का गं?" ते मला तोलता येत नाही.