गरीब गाईचं औषध

होमिओपॅथीच्या डॉक्टरांना दुखणं थोडं नि पेशंटचा स्वभाव फार लागतो. परंड्याचे डॉक्टर हिंमतराव तर तासभर विचारत बसायचे: तहान किती, झोप कशी, स्वप्नं कसली पडतात. स्वभाव कळला की गोळी ठरली. शिवकन्या त्याच आशेनं आली होती. पाळीआधीचे चार दिवस तिच्या डोक्यात असा राग भरायचा की समोर कोण आहे याचं भान राहत नसे. मागच्या महिन्यात त्या रागात तिनं सहा वर्षांच्या अक्षदाला पायरीवरून ढकललं. पोरीच्या कपाळाला तीन टाके पडले. आपल्या हातून हे झालंय, एवढं एकच तिला डॉक्टरांना सांगायचं होतं. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण शेजारी सासू. मथुराबाई जिवाला जीव देणारी बाई, हीच तर पंचाईत.

"आत्या, तुमी तवर बाजार करून या की," शिवकन्येनं म्हणून पाहिलं.

"बाजार कुठं पळून चाललाय? तुला एकलीला टाकून जाऊ व्हय!"

डॉक्टरांनी विचारलं, "राग येतो का?"

शिवकन्येचे ओठ हलायच्या आत मथुराबाई म्हणाल्या, "राग? अवो डाक्टरसायब, गरीब गाय हाय आमची. आठ वर्सांत आवाज चढला न्हाय तिचा."

"आदळआपट?"

"छ्या! कोपऱ्यात बसून गप रडती बगा."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "बरोबर ना, ताई?"

सासूचा हात सुनेच्या पाठीवरून फिरत होता. खरं बोललं तर ही म्हातारी उद्यापासून पोरीला माझ्याजवळ ठेवील का? शिवकन्येनं मान डोलावली. तिला स्वतःची किळस आली.

मग काय, गप रडणाऱ्या बाईची गोळी मिळाली. साबुदाण्याएवढी, गोड. डॉक्टरांनी कांदा-लसूण वर्ज्य सांगितला, तर मथुराबाईंनी सुनेसाठी सगळ्या घराचाच बंद केला. शिवकन्येनं एकही वेळ चुकवली नाही.

पंचविसाव्या दिवशी, पाळी तोंडावर आली असताना, अक्षदाच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं. शिवकन्येच्या कानशिलात ठणका उठला नि हात वर गेला. नको, नको, असं ती मनात ओरडत होती, पण हात खाली येईना.

पोरगी पळाली नाही. भिंतीला टेकली, डोळे घट्ट मिटले नि हळूच म्हणाली, "आई, आज्जीला मी पुन्ना पडले आसंच सांगते."