साबणाच्या खोक्यांमागचं भुयार

भोपाळच्या कारखान्यात मी छत्तीस वर्षं फिटर होतो. टर्बाइनच्या पोटात शिरलेली म्हैस मी एकट्याने पान्याने ढकलत बाहेर काढली, हे आमच्या पिपलानी वसाहतीत अजून दोन-चार जण खरं धरून चालतात. मी त्यांना अडवत नाही. म्हैस मोठी गुणी होती, बाहेर आल्यावर तिने हजेरीही लावली.

पण गेल्या महिन्यात वैजयंतीबाईंच्या तेराव्याला मला एक खरी गोष्ट सांगायची होती. त्यांच्या लेकीला, कांचनला. एवढी एकच.

वैजयंतीबाई म्हणजे आमच्या कामगारांच्या ग्राहक भांडारातल्या काउंटरवाल्या. नवरा काविळीने गेला तेव्हा कांचन दोन वर्षांची होती. बाई काउंटरला उभ्या राहिल्या. उभ्याच, कारण तिथे बसायला स्टूल नसे. भोंगा झाला की आम्ही तेलकट हातांनी साबणाला गर्दी करायचो. ‘हां भैया, बोलो,’ आणि मराठी तोंड दिसलं की त्याच सुरात, ‘बोला.’ घरात बाळंतीण असलेला नवरा आला, तर त्याने न मागता डिंकाची पुडी बांधलेली असायची.

चौऱ्याहत्तरच्या टंचाईत बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे महिन्याला जेमतेम दोन डझन येत. भांडार उघडायच्या आधीच साहेबलोकांचे चपराशी रांगेत उभे. फिटर-वेल्डरांच्या बायका पाणी भरून, नवऱ्याला पहिल्या पाळीला धाडून येईपर्यंत फळी रिकामी. म्हणून बाई सहा डबे साबणाच्या खोक्यांमागे ठेवत. ज्या आईला दूध येत नाही, तिच्यासाठी. कायद्यात बसत नव्हतं. बसवायला कुणाला सवडही नव्हती.

मला हे कसं ठाऊक? त्यातलाच एक डबा माझ्या मनोरमाच्या पदराखालून आमच्या घरी आला होता. आमचा थोरला त्या डब्यावर जगला.

आणि मी काय केलं? कँटीनमध्ये गोष्ट रचली. भांडारात साबणाच्या खोक्यांमागे एक भुयार आहे, ते थेट गुजरातेत एका गोठ्यात निघतं. वैजूबाई पहाटे घागर घेऊन उतरतात, तिथल्या गायी त्यांना हाक मारतात. कँटीन लोळून लोळून हसलं. थापेत एक खरा खिळा ठोकावा लागतो, नाहीतर ती उभी राहत नाही. मी नेमका साबणाच्या खोक्यांचा खिळा ठोकला.

गोष्ट फिरत फिरत एका नव्या अधिकाऱ्याच्या कानावर गेली. गायी आणि गुजरात त्यांनी सोडून दिलं, खोकी तेवढी धरली. दुसऱ्या दिवशी ती हलवली. मागे सहा डबे.

चौकशीत बाईंना विचारलं, “किसके लिए छुपाए थे?” नावं सांगितली असती तर सहा घरांतल्या नवऱ्यांना बोलावणं आलं असतं. बाई म्हणाल्या, “गलती मेरी है, साहब.” मी बाहेर व्हरांड्यात होतो. आत जायला दहा पावलं. माझ्याइतका बोलका माणूस साऱ्या टाउनशिपमध्ये नव्हता, आणि त्या दिवशी मला शब्द सुचला नाही.

त्यांना गोदामात टाकलं; बाहेर साधी बदली म्हणूनच कळलं. मिरच्यांची पोती, धूळ, पत्र्याचं छप्पर. अकरा वर्षं. खोकला तिथे लागला तो शेवटपर्यंत राहिला. पण बाईंनी तिथेही दुकान मांडलं. दर मंगळवारी धान्याच्या काट्याच्या परातीत दुपटं अंथरून त्या पोरं तोलायच्या. “अगं सुमित्रा, पोर महिन्याभरात तोळाभर वाढलं नाही. आजच्या आज दवाखान्यात ने.” हे खरं आहे हो! इंद्रपुरीत आज टक्कल मिरवणारे कितीतरी बाप्ये त्या परातीत रडलेत.

एकदा धीर करून मी गोदामात गेलो. म्हटलं, “बाई, ती भुयाराची गोष्ट मीच...”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली. “नरहरभाऊ, ती बंद मात्र करू नका. कांचनला मी रोज सांगते. आई गोदामात का गेली? तर भुयाराची राखण करायला. आईला शिक्षा झालीय, हे तिला कशाला कळायला हवं?”

झालं. तेव्हापासून मी भुयार खणत राहिलो. कांचनसाठी त्यात दिवे लावले, एक रूळही टाकला.

तेराव्याला बाईंच्या सोनागिरीतल्या घरी गोडाचं जेवण झालं, आणि माझा जुना जोडीदार विश्वास वेल्डर ओरडला, “नरहऱ्या, होऊन जाऊ दे भुयार!”

“आज भुयार नाही,” मी म्हणालो. “आज खरं सांगतो.”

“आली, आली! मोठी येतेय!” विश्वासने मांडी ठोकली.

मी सांगितलं. डबे, खोकी, अधिकारी, व्हरांडा, दहा पावलं. अधिकारी खोक्यांमागे वाकला तिथे हशा पिकला. मला शब्द सुचला नाही म्हणालो, तेव्हा तर विश्वास डोळे पुसायला लागला. “हा? ह्याला शब्द सुचला नाही? अरे, म्हैस परवडली!”

मी कांचनच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. पन्नाशीला आलेली बाई, पण बघते अगदी आईसारखी. म्हटलं, “बाळा, ही थाप नाही. तुझ्या आईला मी गोदामात घातलं. तो खोकला माझा आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, पोहोचलं. मग तिच्या ओठांचे कोपरे हलले.

“काका, आई काय म्हणायची माहितीये? नरहरभाऊंचं तोंड जितकं गंभीर, तितकी थाप मोठी.” आणि ती हसली, तेरा दिवसांत पहिल्यांदा. “बरं झालं तुम्ही आलात. रडून रडून डोकं उठलं होतं.”

“कांचन, मनोरमाची शपथ...”

“काकू असत्या तर त्यांनी लाटणं घेतलं असतं.” तिने माझ्या हातात श्रीखंडाची वाटी ठेवली. “नवी गोष्ट नको मला. माझी जुनी सांगा. भुयाराचं तोंड कुठे होतं?”

खरं-खोटं विचारायला तिला दुसऱ्या कुणापाशी नेता आलं नसतं. माझी चूक ज्यांना ठाऊक होती, त्या बाई आणि मनोरमा, दोघीही गेल्या होत्या.

“साबणाच्या खोक्यांमागे,” मी म्हणालो.

“आणि आत?”

“आत दिवे,” मी म्हणालो. कांचन पाटावर बसली, हनुवटी तळहातावर टेकून.