बहादूर वाघाचा कौल

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे पक्कं झालं आणि शहरातल्या काचीगुडा भागातल्या कारकुनांची, मास्तरांची झोप उडाली. कुणाच्या नशिबी हैदराबाद, कुणाच्या औरंगाबाद, कुणाच्या गुलबर्गा? सरकारला अजून ठाऊक नव्हतं. आबासाहेब जागीरदारांच्या वाघाला मात्र ठाऊक होतं. जागीर गेली होती. बागेतला पिंजरा आणि त्यातला म्हातारा बहादूर तेवढा उरला होता.

रोज सकाळी पिंजऱ्यापुढे शिकलेल्या माणसांची रांग लागे. व्याघ्रानंद महाराज एकेकाचं नाव पुकारत आणि गजांखालून घोटभर तीर्थाची परात आत सरकवत. वाघाने मान लववून तीर्थ घेतलं की तो माणूस हैदराबादेतच राहणार. वाघाने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. त्याने मांससुद्धा सोडलं होतं. देवीचं वाहन व्रतस्थ झालं, असं महाराज सांगत आणि बायका गजांना कुंकू लावत.

जनावरांचे सरकारी डॉक्टर हणमंतराव यांना भामाने बोलावलं होतं. तिच्या नवऱ्याने बहादूरला बछडा असताना बाटलीने दूध पाजलं होतं; नवऱ्यामागे तीच त्याचं बघत होती. हणमंतरावांनी वाघाच्या वर आलेल्या फासळ्या पाहिल्या, तोंडातले फोड पाहिले, पाण्यासारखी लघवी आणि कोपऱ्यातली ओकारी पाहिली. असं व्रत त्यांनी म्हाताऱ्या मांजरांत पुष्कळ पाहिलं होतं. त्याला मूत्रपिंडाचा आजार म्हणतात.

त्यांनी पाण्याचं कुंड विचारलं. भामाने खाली बघत सांगितलं की महाराजांच्या हुकमाने ते संध्याकाळीच पालथं घालतात. व्रतातल्या वाघाला साधं पाणी चालत नाही. हणमंतरावांचा संताप झाला. ज्या जनावराच्या अंगात पाणी टिकत नाही, त्याचंच पाणी तोडलं होतं. असाच कौल लागत राहिला तर वाघ तहानेनेच मरणार होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रांगेत उभे राहिले.

"महाराज, नाव माझं घ्या. पाणी मात्र नळाचं."

महाराज काही बोलायच्या आत त्यांनी पाण्याने भरलेली परात आत सरकवली. बहादूरने मान लववली. परात रिकामी झाली; डॉक्टरांनी पुन्हा भरली, पुन्हा भरली. शेवटी वाघाने ओठ चाटत पाठ फिरवली.

"आता तुमचं तीर्थ द्या," डॉक्टर म्हणाले.

महाराजांनी तीर्थ दिलं, मंत्र म्हटले, घंटा वाजवली. वाघ भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढचा नंबर हेडक्लार्क दत्तोबांचा होता. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी गुलबर्ग्याला का?"

"अहो दत्तोबा, त्याला तहान लागली होती. तुमची बदली त्याच्या पोटात कशी असेल?" डॉक्टर म्हणाले. "आणि सगळेच हैदराबादेत राहिले तर औरंगाबादच्या कचेरीत कोण वाघ बसणार?"

रांगेत कुणीतरी हसलं. एवढं पुरलं. महाराजांना अचानक काशी आठवली.

मग कुंड सदा भरलेलं राहू लागलं. भामा ताज्या मांसाचे छोटे तुकडे थोडे थोडे घाली, त्यातच ओकारीवरचं औषध दडवी. फार गळाला की पिंजऱ्याची सरकती भिंत जवळ आणून, त्याला हलू न देता डॉक्टर त्याच्या कातडीखाली सलाईन देत.

"बरा होईल का हो, डॉक्टरसाब?"

"नाही, भामाबाई. गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. पण उरलेले दिवस त्याचे सुखाचे जातील."

पुढे हुकूम निघाले. ज्यांच्या परातीला वाघाने मान लववली होती, त्या हणमंतरावांनाच औरंगाबाद मिळालं. पाणी नळाचं होतं म्हणून कौल उलटला, असा काचीगुड्याने निकाल दिला. डॉक्टर निघताना दत्तोबांनी तेच ऐकवलं.

डॉक्टर टांग्यात चढत म्हणाले, "बदलीचं कचेरीत विचारा, दुखण्याचं डॉक्टरला. वाघाला फक्त पाणी द्या."